साइमीच्या दलदलीत पाणी मुरतंय

हिल्ला कुठं मिळाली, हे आमच्याकडं कुणी कुणाला सांगत नाही. माणूस जमिनीचा भाव सांगेल, ऑपरेशनचे टाके दाखवेल, पोरगी कुणाबरोबर पळाली तेही कॉफी पिता पिता सांगून मोकळा होईल. पण दलदलीत एका देठावर एकच धरणारी ती केशरी फळं कुठून आणलीस असं विचारा, की तोच माणूस ढगांकडं बघायला लागतो. नवरा बायकोला सांगत नाही, तिथं शेजाऱ्याची काय कथा.

साइमीला हे तिच्या आईनं शाळेत घालायच्या आधीच शिकवलं होतं. उन्हाळ्यात दोघी मायलेकी घरामागच्या दलदलीत जायच्या, डासांना शिव्या घालत बादली भरायच्या आणि परतताना आई उजळणी घ्यायची.

"वाटेत कुणी विचारलं, हिल्ला आहे का, तर काय म्हणायचं?"

"यंदा काहीच नाही."

"आणि तोंड कसं करायचं?"

साइमी तोंड पाडून दाखवायची. आई म्हणायची, "अजून थोडं पाड. एवढ्यानं कुणाला खरं वाटायचं नाही."

आता गंमत अशी, की ऐकणाराही याच गावात वाढलेला असतो. खरोखर फळ धरलं नसेल तर माणूस दंवावर, पावसावर, मधमाश्यांवर आणि शेवटी सरकारवर तासभर तोंडसुख घेतो. "यंदा काहीच नाही" एवढंच म्हणून जो वाटेला लागतो, त्याची बादली हमखास भरलेली असते. हे सगळ्यांना ठाऊक, आणि तरी सगळे तेच म्हणतात. फिनलंडमधल्या या सावो भागात सरळ उत्तर दिलं तर लोकांना वाटतं, याला बरं नाहीसं दिसतंय.

साइमीचं लग्न झालं आणि विल्यो पाकारिनेन घरजावई म्हणून आला. घरजावयाचं दुखणं सगळीकडं सारखंच असणार. सासूच्या साउनात वाफ घेत बसतो, सासूच्या तळ्यात डुंबतो, सासूच्या चुलीवरची कॉफी पितो, असं गाव तोंडावर बोलायचं. विल्यो हसून घ्यायचा, पण त्याला ते लागायचं. या जमिनीत आपल्या हातचं काहीतरी उभं राहिलं पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. तेव्हा देशभर एकच वारं होतं: दलदली उपसा, चर खोदा, पाइनची झाडं वाढवा. सरकार पाठीशी होतं. विल्यो आणि त्याचा जिवलग दोस्त ओइवा केत्तुनेन यांनी भागीत एक पोकलेन घेतला आणि पंचक्रोशीतल्या दलदली कोरड्या करत सुटले. पहिला मान अर्थात सासूच्या दलदलीचा. सरळसोट, एकासारखे एक चर. पाणी ओढ्याला, ओढा खालच्या तळ्याला. मग दोघांनी खताची पोती फोडून स्फुरद पसरला, नुसता पांढरा सडा घातला. साइमीला तेव्हा नवऱ्याचा अभिमानच वाटला, ती कशाला खोटं बोलेल. आई खिडकीत उभी राहून बघत होती.

झाडं आली, पण कशीबशी. शेवाळ वाळून तपकिरी झालं, पायाखाली कुरकुरायला लागलं. आई दर उन्हाळ्यात बादली घेऊन जायची. एका वर्षी परत आली, बादली दारात आपटली आणि बोलत सुटली: दंव कसं उशिरा पडलं, पावसानं फुलं कशी झोडपली, मधमाश्या कुठं मेल्या. तासभर बोलत होती. साइमी भांडी घासता घासता थांबली. आईची हिल्ला संपली होती, कायमची.

विल्योलाही ते कळलं असणार. कारण पुढं दर वर्षी तो एक दिवस गायब व्हायचा आणि संध्याकाळी बादलीभर हिल्ला घेऊन यायचा. "कुठून आणलीस?" "सांगणार नाही." कुओपिओच्या बाजारातून विकत आणून आपल्या बादलीत ओततोय, हे साइमीनं पहिल्याच वर्षी ओळखलं. स्वच्छ फळं, एक पान नाही, शेवाळाचा एक तंतू नाही. रानातून आलेली बादली कधी अशी असते का? पण ती शेवटपर्यंत कधी बोलली नाही. त्या माणसावर तिचा फार जीव होता.

शेवटच्या आजारपणात विल्यो पायरीवर बसून त्या काटकुळ्या झाडांकडं बघत असायचा. माफी मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. एकदा तेवढं म्हणाला, "खोदायला मी आणि ओइवा होतो. बुजवायला कुणाला बोलावशील?"

साइमीनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला आणि विल्योला जाऊन वर्ष उलटताच ओइवाकडं गेली.

ओइवा आमच्या शिकारी टोळीचा म्होरक्या. खांदे कपाटासारखे, आवाज चर्चच्या घंटेसारखा, आणि मत एकदा बसलं की बसलं. साइमीचं म्हणणं त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "विल्योनं आणि मी घाम गाळून काढलेलं काम मीच मातीत घालू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"काम मातीत घालायचं नाही रे, माती कामात घालायची आहे. चरात."

"दुसरा कुणीतरी बघ."

तिनं बघितला. शेजारच्या तालुक्यातून पोकलेनवाला आणला. त्या वर्षी शहरातून वेन्ला नावाची एक तरुण संशोधक आली होती. दलदली पुन्हा भिजवल्या की मातीतल्या पाण्याचं काय होतं, हा तिचा अभ्यासाचा विषय. तिनं आधीच दलदलीत जागोजागी गुडघाभर उंचीचे पांढरे पाइप रोवून ठेवले होते. पाइपला खाली बारीक भोकं, मातीतलं पाणी त्यातून आत झिरपायचं. दर महिन्याला पिचकारीनं ते पाणी खेचून बाटल्यांत भरायचं काम साइमीनं अंगावर घेतलं. हिवाळ्यात जमीन गोठली तेव्हा झाडं पाडली, चर बुजवले, मध्ये मध्ये बांध घातले. वसंतात बर्फ वितळलं आणि पाणी कित्येक वर्षांनी दलदलीत थांबलं. साइमी काठावर उभी राहिली आणि तिला रडू आलं. आनंदाचंच होतं.

आनंद उन्हाळ्यापर्यंत टिकला.

खालच्या तळ्याचं पाणी तपकिरी झालं. आमच्याकडं साउनाचं पाणी तळ्यातूनच आणायचं असतं. बादलीत तळ दिसेना. ओइवा दुकानात उभा राहून सांगायचा, "कॉफीची पूड घेणं बंद केलंय मी. बादली भरून चुलीवर ठेवली की झालं." लोक हसायचे. मग ओढा तळ्याला मिळतो तिथं हिरवा तवंग आला आणि हसणं थांबलं. जाळी त्यानं बुळबुळीत व्हायला लागली. एका सकाळी ओइवानं आपलं जाळं आणून साइमीच्या पायरीवर टाकलं. हिरवे ओघळ पायरीवरून खाली गळत होते.

"हे घे," तो म्हणाला. "तुझ्या दलदलीनं पाठवलंय."

साइमीनं वाद घातला नाही. घालणार कुठल्या तोंडानं? साउनाची तपकिरी बादली तीही रोज उचलत होती. तिनं वेन्लाला बोलावलं. वेन्लानं आडपडदा ठेवला नाही, हे तिचं मोठेपण.

"पाइपांतलं पाणीही तेच सांगतंय," ती म्हणाली. "स्फुरद वाढलाय, अमोनिया वाढलाय. कोरड्या मातीत हवा खेळत होती, तोवर स्फुरद मातीतल्या लोखंडाला चिकटून होता. आता पाणी भरलं, हवा गेली, लोखंडानं हात सोडला. तुझ्या नवऱ्यानं टाकलेलं खत आज बाहेर पडतंय."

"म्हणजे विल्योचं खत तो गेल्यावर लागू पडलं," साइमी म्हणाली. "आणि हे थांबणार कधी?"

"दलदलीतलं शेवाळ पसरलं की तेच ते खाऊन टाकेल. माती कुजायची थांबली की नत्रही उतरेल. दोन-तीन वर्षं, कदाचित."

"कदाचित?"

"कदाचित. मी पैज लावणार नाही."

पैज साइमीला लावावी लागली. तळ्याच्या मंडळींची दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर सभा भरते. मासेमारी, जाळी, बोटी, सगळ्याचा निकाल तिथं लागतो. सभेत सगळे तिच्याकडं अशा नजरेनं बघत होते, की तिनं कॉफीचा कप खाली ठेवला. जमीन तिची होती, कुणी जबरदस्ती करू शकत नव्हतं. पण गावात राहायचं तर गावाला पाण्यात बुडवून कसं चालेल? ती उभी राहिली. म्हणाली, "तिसऱ्या वर्षीपर्यंत मातीतलं पाणी चर बुजवायच्या आधी होतं त्याहून चांगलं झालं नाही, तर मी स्वतः बांध फोडून घेईन. शब्द देते."

"कुठलं पाणी?" ओइवानं विचारलं. "तळं पावसाप्रमाणं बदलतं. तळ्यावर नको. ते तुझे पांढरे पाइप आहेत ना, त्यांवर ठरवू. आणि एकाही पाइपाचा आकडा वर राहता कामा नये. विशेषतः मुखावरच्या, दलदल ओढ्याला मिळते तिथल्या पाइपाचा. पाणी बाहेर पडतं ते तिथून. त्याच्यावर माझी नजर राहील."

"राहू दे," साइमी म्हणाली. आकडे वेन्लानं दोघांनाही कळवायचे, असं ठरलं.

पुढची दोन वर्षं तिनं जीव मुठीत धरून काढली. पाइप तेच, पिचकारी तीच, बाटल्या त्याच. गमबूट चिखलात रुतायचा, ती शिव्या देत उपसून काढायची. पाण्याचा रंग बघून ती मनातल्या मनात अंदाज बांधायची आणि बहुतेक वेळा तो चुकायचा. मग तिनं अंदाज बांधणंच सोडलं. उन्हाळ्यात बुजवलेल्या चरांवर हिरव्या शेवाळाचे ठिपके आले, ठिपक्यांचे पट्टे झाले. त्याच्या पुढच्या वसंतात क्रौंचांची एक जोडी उतरली आणि दिवसभर कर्कश ओरडत राहिली. साइमीला ते आवाज भयंकर गोड लागले. आणि आकडे उतरायला लागले. आधी वरच्या अंगाचे पाइप, मग मधले, मग तिसऱ्या उन्हाळ्यात मुखावरचाही. तळ्यात बादली बुडवली की तळाचं लाकूड परत दिसायला लागलं. सप्टेंबरचं पाणी तपासून झालं तेव्हा वेन्ला फोनवर म्हणाली, "एकूण एक पाइप खाली आहे, साइमी. जुन्या पातळीच्याही खाली." ठरल्याप्रमाणं निकाल ऑक्टोबरच्या शेवटच्या पाण्यावर लागायचा होता. पण साइमीनं त्या दिवशी चांगली बशीभर पुल्ला एकटीनं खाल्ली. वेलची घातलेला तो गोड पाव ती एरवी पाहुण्यांसाठी राखून ठेवते.

त्याच आठवड्यात ओइवा आला. टोपी हातात. एल्क या थोराड हरणाच्या शिकारीचे दिवस जवळ आले होते आणि झाडं पाडल्यामुळं तिच्या दलदलीवर लांबवर नजर पोचत होती.

"मुखापाशी मचाण टाकू का?" त्यानं विचारलं. "जागा एक नंबर झाली आहे."

"झाली ना? कुणामुळं झाली?"

ओइवानं टोपी फिरवली. "मांस पाठवेन."

"मांड पाठव. मागच्या खेपेला नुसती हाडं आली होती."

मचाण लागलं. शिकार सुरू झाली. ऑक्टोबरचं पाणी साइमीनं नेहमीसारखंच काढलं, पाठवलं, आणि निर्धास्त होऊन बसली. आणि वेन्लाचा फोन आला.

"सगळे पाइप उत्तम आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज काही बरा नव्हता. "मुखावरचा सोडून. त्यात अमोनिया भरमसाट आहे. पहिल्या वर्षीसुद्धा एवढा नव्हता."

साइमी खुर्चीत बसली. तीन वर्षं घातली, आणि काठाशी येऊन बुडायचं? बांध फोडायचे, पाणी परत ओढ्याला सोडायचं, ते शेवाळ डोळ्यांदेखत वाळताना बघायचं. शब्द दिला होता. तिच्या घरात शब्द फिरवायची रीत नव्हती, आणि आता वयही नव्हतं.

ओइवा संध्याकाळी आलाच. खरं सांगायचं तर तोही काही नाचत आला नाही. दारातच उभा राहिला.

"आकडा मलाही आलाय," तो म्हणाला. "शब्द आठवतो ना?"

"माझी स्मरणशक्ती तुझ्यापेक्षा बरी आहे."

"तसं नाही, साइमी. तळं सुधारलंय, मला दिसतंय. पण पाणी बाहेर पडतं ते तिथूनच. आज पाइपात आलंय, उद्या तळ्यात येईल. मला त्या तवंगात परत जाळं टाकायचं नाही."

हे खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. साइमीनं त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही. आमच्याकडं याच्याहून मोठा अपमान नाही.

दुसऱ्या दिवशी वेन्लाचा पुन्हा फोन. "मला राहवलं नाही. तीच बाटली परत तपासली. साइमी, त्यात मीठ आहे. दलदलीच्या पाण्यात मीठ नसतं गं, येणार कुठून? तिथं कुणी जनावरांसाठी मिठाचा खडा लावलाय का?"

"माझ्या जमिनीवर? मला न विचारता?"

"सप्टेंबरमध्ये पाणी साफ होतं. थंडीत असं एकदम चढायला काहीच कारण नाही."

"इथं कुठंतरी पाणी मुरतंय," साइमी म्हणाली, गमबूट चढवले आणि निघाली.

रात्री पहिलं बर्फ पडून गेलं होतं, पातळ, टेबलावर चादर अंथरावी इतकंच. सगळी दलदल पांढरी. मुखापाशी मिठाचा खडा नव्हता, जनावराची लीद नव्हती. मचाण मात्र होतं. मचाणाच्या शिडीपासून मोठ्या बुटांची पावलं निघाली होती, ती थेट पांढऱ्या पाइपापर्यंत गेली होती, तिथं दोन बूट शेजारी शेजारी नीट उभे राहिले होते, आणि तशीच परत शिडीला लागली होती. पाइपाच्या बुडाशी बर्फाला एक पिवळं, वितळलेलं भोक पडलं होतं. त्याच्या शेजारी दुसरं. आणि तिसरं.

साइमी बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. एकटी बाई, एवढ्या मोठ्या दलदलीत, शिडीचा दांडा धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसून झाल्यावर तिला असा काही राग आला, की तिनं मचाणाला लाथ घातली. बोट दुखलं ते वेगळंच.

तडक ओइवाच्या दारात जावं, असं तिला वाटलं. पण नुसतं हसं करून भागणार नव्हतं. पाइप घाण झाला हे कळलं, पण पाणी स्वच्छ आहे हे कुठं ठरलं? तिनं वेन्लाला बोलावलं. वेन्ला पिवळ्या भोकापाशी वाकली, फोटो काढला, आणि चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून म्हणाली, "नमुना बाहेरून दूषित." मग दोघींनी मिळून दोन नवे पाइप ठोकले: एक मचाणाच्या बराच वरच्या अंगाला, दुसरा मचाणाच्या पुढं, पाणी ओढ्यात उतरतं त्या अगदी काठाशी. पाणी काढून वेन्ला घेऊन गेली. साइमीनं ओठ आवळून धरले. दुकानात लोक हळहळले तरी बोलली नाही. आमच्या गावात एवढी मजेदार गोष्ट पोटात ठेवणं म्हणजे काय, हे इथं राहिलेल्यालाच कळेल.

सभा जुन्या शाळेत भरली. कॉफी झाली, पुल्ला झाली. दुकानदार सभेचा अध्यक्ष. त्यानं विषय काढला. ओइवा उभा राहिला आणि बोलला, चांगला बोलला. साइमीनं कष्ट केले, तळं सुधारलं, हे मान्य आहे म्हणाला. "पण ठरलं होतं ते ठरलं होतं. एकही पाइप वर नको. आणि वर आहे तो मुखावरचाच. माझी नजर त्याच्यावर होती, उगाच नव्हती."

"नजर होती ना?" साइमी बसल्या जागेवरून म्हणाली. "मग मला एवढं सांग, मचाणावर चढतोस कधी?"

"उजाडायच्या आत. त्याचं इथं काय?"

"आणि मचाण सोडतोस कधी?"

"हाकारे माझ्यापर्यंत पोचले की. दुपार होते. मध्येच जागा सोडून घरी जाता येत नाही, नियम आहे."

"थर्मास केवढा आहे तुझा?"

मागं कुणीतरी खोकलं.

"मोठा आहे," ओइवा म्हणाला. "थंडीत माणसानं कॉफी पिऊ नये का आता?"

"पी की. मला पिण्याचं विचारायचंच नाही. मला त्याच्या पुढचं विचारायचंय."

पहिली हसली ती ओइवाची बायको हेल्वी. ती अशी हसायला लागली की तिच्या हातातली कॉफी बशीत सांडली. "अगं, घरीसुद्धा याला संडास चालत नाही," ती म्हणाली. "अंगणातला भूर्ज लागतो. वाळला तो."

मग जे काही झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. अध्यक्ष टेबल बडवत होता आणि स्वतःच हसत होता. ओइवा कानापर्यंत लाल झाला. "तो पाइप असा एकटाच उभा होता," तो म्हणाला, "आजूबाजूला सगळं सपाट. माणसाला काहीतरी उभं लागतं."

"कुत्र्याचीही तीच अडचण असते," हेल्वी म्हणाली.

लोक थोडे शांत झाल्यावर वेन्ला उठली. तिनं मिठाचं सांगितलं, अमोनियाचं सांगितलं, आणि नव्या पाइपांचे आकडे वाचले. मचाणाच्या वरचं पाणी स्वच्छ होतं. मचाणाच्या पुढचं, ओढ्यात उतरतं ते पाणीही स्वच्छ होतं; चर बुजवायच्या आधी होतं त्याहून कितीतरी स्वच्छ. "एवढंसं तर मधलं शेवाळच पिऊन टाकतंय," ती म्हणाली. "ओइवाचंसुद्धा."

ओइवा खाली बसला होता. तो पुन्हा उभा राहिला. हा माणूस आता काय करेल याचा नेम नव्हता.

"एकही पाइप वर नको, असं मी म्हणालो होतो," तो म्हणाला. "तो पाइप माझ्यामुळं वर आहे. बाकी सगळे खाली आहेत. साइमीचा शब्द पुरा झाला. बांध राहतील." तो जरा थांबला. "आणि मुखावरचा बांध त्या परक्या गड्यानं वाकडा घातलाय. मी रोज वरून बघतो, मला बघवत नाही. एका पुराचा धनी आहे तो. जमीन गोठली की मी पोकलेन घेऊन येतो आणि नीट घालून देतो. विल्यो असता तर त्यानं तसला बांध एक दिवस ठेवला नसता."

साइमीला त्यावर काहीतरी चुरचुरीत बोलायचं होतं, तोंडावर आलंही होतं. पण बुजवायला कुणाला बोलावशील, हे विल्योचं बोलणं तिला आठवलं आणि तिनं कॉफीची किटली हातात घेतली. हात वर करायला अध्यक्षानं सांगितलं तेव्हा वर न झालेला एकही हात नव्हता. त्यानंतर तिनं ओइवाच्या कपात स्वतः कॉफी ओतली. "अर्धाच कप देते," ती म्हणाली, "घरी जाईपर्यंत वाटेत माझे पाइप लागतात." आणि सभा पुन्हा हाताबाहेर गेली.

त्या हिवाळ्यात ओइवा आला आणि त्यानं बांध घातला, सरळ रेषेत, जसे कधीकाळी त्यानं आणि विल्योनं चर काढले होते. पाइपाला त्यानं स्वतःच्या हातानं लाकडी कुंपण केलं. मचाण उचलून पार दुसऱ्या काठाला नेलं. मांडही आली, आणि ती खरोखर मांड होती.

जुलैमध्ये साइमी पाणी काढायला गेली. तिसऱ्या पाइपापाशी वाकली आणि तिला शेवाळात काहीतरी केशरी दिसलं. तिला वाटलं, वेन्लाची खुणेची दोरी पडली असेल. ती दोरी नव्हती. एका देठावर एक फळ. पलीकडं दुसरं. बुजवलेल्या चराच्या कडेनं, जिथं विल्योनं पोती फोडली होती तिथंच, नजर जाईल तिथवर. इतकी वर्षं ती मुळं खाली कोरड्या मातीत दम धरून होती, आणि ही बाई वर बाटल्या भरत हिंडत होती. साइमी ओल्यातच गुडघ्यांवर बसली. पहिलं फळ तिनं तोंडात टाकलं. बाजारच्या फळात ही आंबट-गोड चव कधीच नव्हती. तिनं आईला मोठ्यानं हाक मारली, मग विल्योला, आणि दोघांनाही मनसोक्त दोन शब्द सुनावले. पाणी काढायचं त्या दिवशी राहिलं. बाटल्यांची बादली रिकामी करून तिनं ती काठोकाठ भरली आणि वर आपलं जाकीट झाकलं.

रस्त्याला लागली तोच समोरून ओइवा, सायकलवर, मागं ओलं जाळं बांधलेलं. जाळं स्वच्छ होतं. त्यानं तिचे भिजलेले गुडघे बघितले, बोटं बघितली, जाकीट झाकलेली बादली बघितली. पाय टेकवला.

"काय गं," तो म्हणाला, "हिल्ला वगैरे आहे का तिकडं?"

साइमीनं तोंड पाडलं. मग अजून थोडं पाडलं.

"यंदा काहीच नाही," ती म्हणाली आणि चालायला लागली.

ओइवा थेट दुकानात गेला. दुकानात कॉफीला नेहमीची मंडळी बसली होती, हेल्वीही होती. "साइमी भेटली," तो म्हणाला. "दलदलीतून येत होती. हिल्लाचं विचारलं मी. यंदा काहीच नाही म्हणाली."

सगळ्यांनी कप खाली ठेवले.

"दंव पडलं होतं का?" हेल्वीनं हळूच विचारलं. "पावसाचं काही बोलली? मधमाश्यांचं?"

"नाही," ओइवा म्हणाला. त्याच्या तोंडावरचं हसू त्याला लपवता येईना. "एवढंच म्हणाली आणि चालायला लागली."